पाढा म्हणता येईल इतक्या वेगाने

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत एका माजी विद्यार्थिनीने जानेवारीच्या अखेरीस दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी वैद्यकीय, न्याय आणि शिक्षण या क्षेत्रांतील मान्यवर बोलून गेले. त्यांच्या पंक्तीला बँकेत एकतीस वर्षे खाती सांभाळणाऱ्या बाईने बसावे आणि तिने सायकलवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटले असेल. मलाही वाटले. परंतु मुख्याध्यापिकाबाईंनी आग्रह धरला आणि या शाळेत बाईंना ‘नाही’ म्हणण्याची सवय मला अजून लागलेली नाही.

मी खेळाडू नाही. शाळेत असताना क्रीडामहोत्सवात माझे काम पाण्याच्या माठाशेजारी उभे राहण्याचे असे. सायकल शिकले ती काचीगुड्याच्या गल्लीत, तासाच्या भाड्याने आणलेल्या आणि माझ्याहून उंच असलेल्या सायकलवर. दहावीनंतर ती सुटली. पुन्हा हाती आली ती वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. माझ्या आईला मधुमेह होता आणि त्याने तिची मूत्रपिंडे हळूहळू निकामी केली. तिला डायलिसिससाठी नेण्याआणण्याच्या त्या दिवसांत माझीही रक्तातील साखर तपासली गेली, आणि ती सीमारेषेवर निघाली. डॉक्टरांनी नियमित व्यायाम सांगितला. चालण्याचा मला कंटाळा. म्हणून सायकल घेतली.

सायकलवर रमलेल्या माणसाला लवकरच ‘ब्रेव्हे’ हा शब्द कानी पडतो. ही स्पर्धा नव्हे. पहिला, दुसरा असे क्रमांक त्यात नसतात. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत, स्वतःच्या बळावर पूर्ण करायचे, एवढीच अट. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी वीस, ४०० साठी सत्तावीस आणि ६०० साठी चाळीस तास. ही प्रथा फ्रान्समधून आली. तेथील पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस हा मूळचा शर्यतीचा मार्ग १८९१ सालचा. आज दर चार वर्षांनी हौशी सायकलस्वार तो १२०० किलोमीटरचा प्रवास नव्वद तासांत करतात आणि भारतातूनही अनेकजण त्यासाठी जातात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत जोडीने पूर्ण केली आणि २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. ही शिखरावरची माणसे. मी पायथ्याशी राहणारी. पन्नासाव्या वर्षी मी २०० किलोमीटरचे पहिले ब्रेव्हे बारा तास पन्नास मिनिटांत पूर्ण केले आणि त्या दिवशीचा आनंद दहावीच्या निकालाच्या दिवसापेक्षा मोठा होता, हे आज सरांच्या देखत कबूल करते.

आज मला बोलायचे आहे ते मात्र त्या आनंदाविषयी नव्हे. मला बोलायचे आहे हंगामाच्या आरंभाविषयी. म्हणजे ज्या दिवसांत काहीच घडताना दिसत नाही, त्या दिवसांविषयी. कारण तेथेच माझी मोठी चूक झाली.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात माझी सायकल जवळजवळ चार महिने भिंतीला टेकून होती. आईचे आजारपण शेवटच्या टप्प्यात होते. ऑगस्टमध्ये ती गेली. सप्टेंबर संपता संपता पाऊस उघडला, तेव्हा मी सायकल काढली आणि पहिल्याच आठवड्यात तरुण मंडळींच्या गटाबरोबर गंडीपेटच्या रस्त्यावर छाती फुटेस्तोवर निघाले. डिसेंबरमध्ये ३०० किलोमीटरचे ब्रेव्हे होते. हाताशी दहा आठवडे होते. पण खरे कारण ते नव्हते. दम लागलेला असला की मनात दुसरे काही येत नाही. मला तेवढा वेळ तरी मनात काही यायला नको होते.

आश्चर्य म्हणजे तीन-चार आठवड्यांत मी उत्तम चालवू लागले. चढावर तरुणांच्या मागे टिकू लागले. लोक कौतुक करू लागले. डिसेंबरमध्ये ब्रेव्हेला निघाले, तेव्हा पहिले शंभर किलोमीटर कसे गेले ते कळलेही नाही. दीडशेच्या पुढे उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली काहीतरी टोचू लागले. रात्री साडेनऊला, २१० व्या किलोमीटरवर, नोंदीच्या ठिकाणी उतरले ती पुन्हा सायकलवर चढू शकले नाही. गुडघा वाकेना. दम शिल्लक होता, मांड्यांत बळ होते, वेळही हाती होता. एक बोटभर दोरी तेवढी थकली होती. घरून गाडी येईपर्यंत एका चहाच्या टपरीवर पाय लांब करून बसले आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर रडले.

पुढले तीन महिने उपचारांत गेले. त्या काळात भौतिकोपचार करणाऱ्या बाईंनी मला जे समजावून सांगितले आणि नंतर मी जे वाचले, ते आपल्याला सांगते. कारण चाळिशीनंतर धावायला, पोहायला किंवा डोंगर चढायला निघालेल्या प्रत्येकाला ते उपयोगी आहे.

आपले शरीर म्हणजे एकच विद्यार्थी नव्हे, तो एक वर्ग आहे. त्यातले काही विद्यार्थी फार चटकन शिकतात. व्यायाम सुरू केल्यापासून पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. म्हणूनच तिसऱ्या आठवड्यात आपल्याला ‘जमायला लागले’ असे वाटते. व्यायाम सोडला तर हाच विद्यार्थी शिकलेले सर्वांत आधी विसरतो; दोन-तीन आठवड्यांच्या खंडानंतर त्याच चढावर नाडी अधिक जलद चालते, ती यामुळे.

दुसरा विद्यार्थी स्नायू. तो मध्यम गतीचा. त्याच्या पेशींत तंतुकणिका असतात. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांना पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हटले आहे. १९६७ साली अमेरिकेतील जॉन हॉलोझी या शास्त्रज्ञाने उंदरांना सुमारे बारा आठवडे नियमाने धावायला लावले आणि त्यांच्या स्नायूंतील तंतुकणिकांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे दुप्पट झालेली दाखवली. स्नायूंभोवतीच्या केशवाहिन्यांचे जाळेही सरावाने दाट होते. पण हे घडायला आठवडे, महिने लागतात.

आणि तिसरा विद्यार्थी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. हिला रक्तपुरवठा कमी. त्यामुळे ही सर्वांत सावकाश शिकते. हृदय आणि स्नायू तयार झाले म्हणून आपण वेग वाढवतो, आणि तो सगळा भार या अजून तयार न झालेल्या दोरीवर येतो. ती तक्रारही लगेच करीत नाही. करते तेव्हा उशीर झालेला असतो. माझ्या गुडघ्याचे नेमके हेच झाले होते.

हे ऐकताना मला आठवल्या त्या आपल्या तिसरीच्या बाई. माझ्या पिढीतील अनेकांना त्या आठवत असतील. रोज सकाळी प्रार्थनेनंतर वर्गाकडून पाढे म्हणून घेत. आमच्यात दोन-तीन मुले अडखळणारी होती. आम्ही हुशार म्हणवणारे पुढे पळायला बघायचो, आणि बाई पट्टी टेबलावर वाजवून सगळ्यांना थांबवायच्या. त्या अडखळणाऱ्या मुलाचा पाढा पुरा झाल्याशिवाय पुढचा पाढा सुरू होत नसे. तेव्हा मला त्यांचा राग येई. आज वाटते, हंगामाच्या आरंभी सायकल चालवायची ती अशी: वर्गातल्या सर्वांत सावकाश शिकणाऱ्या मुलाच्या चालीने.

मग यंदा मी काय केले, ते सांगते.

पहिली गोष्ट, पंचांग बदलले. युरोपातील पुस्तके सांगतात की हिवाळा हा पाया घालण्याचा काळ आणि वसंतात हंगाम सुरू. आपल्या दख्खनच्या पठारावर ते जसेच्या तसे चालत नाही. आपला खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून ऊन तापू लागते. म्हणजे पाया घालण्याचे दिवस हे पाऊस ओसरल्यानंतरचे. हंगाम आखूड, म्हणून घाई करण्याचा मोह मोठा. यंदा मी दोन गोष्टी केल्या. पावसाळ्यात सायकल पूर्ण बंद ठेवली नाही; मागचे चाक स्टँडवर अडकवून घरातच आठवड्यातून तीनदा अर्धा-पाऊण तास पाय हलते ठेवले. आणि ब्रेव्हे डिसेंबरऐवजी फेब्रुवारीतले निवडले.

दुसरी गोष्ट, डॉक्टरांकडे गेले. रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख आणि हिमोग्लोबिन तपासून घेतले. चाळिशी उलटलेल्यांनी, विशेषतः घरात हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर, हे टाळू नये. माझे हिमोग्लोबिन कमी निघाले. रक्तात प्राणवायू वाहणारे वाहनच अपुरे असेल, तर कितीही सराव करून काय उपयोग? येथे बसलेल्या सगळ्या आयांना सांगते, सतत थकवा येतो तो आपण आळशी आहोत म्हणून, असे समजण्याआधी एकदा रक्त तपासा.

तिसरी गोष्ट, सायकल माझ्या मापाची करून घेतली. खोगिराची उंची तपासण्याची एक साधी रीत आहे. खोगिरावर बसून टाच पेडलवर ठेवावी. पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात आपोआप किंचित बाक राहतो. माझे खोगीर बोटभर खाली होते. ते तसे असले की गुडघ्याच्या वाटीवर प्रत्येक फेऱ्याला जादा ताण येतो, आणि तासाभरात पायाचे जवळजवळ पाच हजार फेरे होतात. जड गिअर रेटण्याची सवयही मोडली. हलका गिअर आणि मिनिटाला ऐंशी-पंच्याऐंशी फेरे, ही चाल ठेवली.

चौथी आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे वेग. दसऱ्यानंतरच्या आठवड्यापासून बारा आठवडे मोजले. आठवड्यात तीन फेऱ्या: मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे एकेक तास, रविवारी लांबची. पहिल्या आठवड्यात एकूण चार तास, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात सहा आणि चौथ्यात पुन्हा चार. तीन पायऱ्या चढायच्या आणि एक उतरायची. कारण शरीर सुधारते ते व्यायाम करताना नव्हे, व्यायामानंतरच्या विश्रांतीत. पुढचे चार आठवडे सहा, सात, आठ आणि पाच तास. शेवटचे चार आठ, नऊ, दहा आणि सहा. पहिले आठ आठवडे एकही जोराची फेरी नाही. शेवटच्या चारांत आठवड्यातून एकदाच, आठ-आठ मिनिटांचे तीन चढ थोडे नेटाने.

‘सावकाश’ म्हणजे नेमके किती? नाडी मोजण्याचे पट्टे मिळतात. वयावरून कमाल नाडीचा अंदाज बांधण्याची सूत्रेही आहेत. माझ्या चोपन्न वर्षांना ती १६६ ते १७० च्या आसपास येते आणि तिच्या तीन-चतुर्थांशाखाली राहायचे म्हणून मी १२५ ची मर्यादा घातली. पण ही सूत्रे सरासरीची आहेत. एखाद्याची नाडी त्याहून दहा-पंधरा ठोक्यांनी सहज वेगळी असते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ती मुळातच कमी राहते. त्याहून जुनी आणि बिनखर्चाची कसोटी म्हणजे बोलणे. सायकल चालवताना सलग पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत. दम घ्यायला वाक्य मध्येच तोडावे लागले, की वेग जास्त झाला.

मी एकटीच असते. पहाटे गंडीपेटच्या धरणाकडे जाताना बोलणार कोणाशी? पहिल्या दिवशी तोंडातून आपोआप जे निघाले, ते होते: एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी, एकोणतीस चोक सोळोदरसे. त्या दिवसापासून माझी कसोटी ठरली. एकोणतीसचा पाढा एका लयीत शेवटपर्यंत म्हणता आला, तर वेग बरोबर. ‘सोळोदरसे’ला दम तुटला, तर गिअर उतरवायचा. रस्त्याकडेच्या भल्या माणसांनी माझ्याकडे कोणत्या नजरेने पाहिले, ते सांगत नाही.

या वेगाने जाण्यात अभिमानाला फार लागते, हे आधीच सांगून ठेवते. मिशा न फुटलेली मुले ‘ऑन्टी, साइड’ म्हणून पुढे जातात. पाव पोत्यांची चळत लादलेला पाववाला पुढे जातो. गेल्या वर्षी ज्यांच्या मागे मी टिकत होते, ती मंडळी हात हलवून दिसेनाशी होतात. शक्ती असताना ती न वापरणे, हे शक्ती नसताना झगडण्यापेक्षा कठीण आहे, हे मला चोपन्नाव्या वर्षी कळले.

यात अर्थशास्त्रही आहे आणि ते मला बँकेमुळे लवकर समजले. शरीरात इंधनाची दोन खाती असतात. एक शर्करेचे, स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण चारशे-पाचशे ग्रॅमचा साठा. ते आपले चालू खाते. लगेच पैसा देणारे, पण छोटे. दुसरे चरबीचे. ती मुदत ठेव; सडपातळ माणसाकडेही ती भरपूर असते, पण तेथून रक्कम हळूहळू मिळते. जोरात गेलात की शरीर चालू खात्यावर धनादेश फाडते आणि दोन-तीन तासांत खाते रिकामे. सावकाश, लांब फेऱ्यांनी शरीर मुदत ठेवीतून नियमित रक्कम काढायला शिकते. वीस तास चालवायचे असेल, तर ही विद्या आलीच पाहिजे. तरीही चालू खात्यात भरणा करीत राहावे लागते. दीड तासापेक्षा लांब फेरीत मी दर अर्ध्या तासाला काहीतरी खाते: केळे, गुळाची चिक्की, साखर-तूप लावलेल्या पोळीची गुंडाळी. आणि मीठ-साखर-लिंबाचे पाणी, तहान लागण्याची वाट न पाहता.

नॉर्वेत काम करणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी जागतिक दर्जाच्या खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा त्यांच्या सरावाचा सुमारे ऐंशी टक्के भाग सावकाश गतीचा असल्याचे आढळले. आपण हौशी माणसे बरोबर उलटे करतो. रोज मध्यम जोरात जातो. इतके हळू नाही की पाया पडावा, इतके जोरात नाही की धार यावी, आणि दमून मात्र रोज येतो.

पाचवी गोष्ट, सायकलबाहेरचा व्यायाम. आठवड्यातून दोनदा घरीच बैठका, जिन्याच्या पायरीवर चढ-उतार आणि वजन उचलणे. सायकल हृदयाला चांगली, पण तीवर शरीराचे वजन खोगीर पेलते, त्यामुळे हाडांना ती बळ देत नाही. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने ठिसूळ होतात. म्हणून नुसत्या सायकलीवर विसंबून राहू नये, हे मी मैत्रिणींना कळकळीने सांगते.

आता या बारा आठवड्यांत घडले काय? आपल्या शहरात बाह्य वळणमार्गालगत, वर सौरपट्ट्यांचे छत असलेला २३ किलोमीटरचा सायकलमार्ग २०२३ मध्ये सुरू झाला. तेथे सिग्नल नाहीत, खड्डे नाहीत, मोजमापाला उत्तम. नार्सिंगीहून दहा किलोमीटर जायचे आणि परत यायचे, नाडी १२५ च्या वर जाऊ द्यायची नाही, आणि वेळ लिहून ठेवायची, असा प्रयोग मी दर चार आठवड्यांनी केला. पहिल्या आठवड्यात त्या वीस किलोमीटरना एकसष्ट मिनिटे लागली. चौथ्यात साठ. एक मिनिट! महिनाभर पहाटे साडेचारला उठून मिळवलेले एक मिनिट. त्या दिवशी सगळे सोडून द्यावेसे वाटले. आठव्या आठवड्यात सत्तावन्न. बाराव्यात चोपन्न. नाडी तीच, पाढा तोच, दम तेवढाच. रस्ता मात्र सात मिनिटांनी आखूड झाला होता. सकाळी उठल्या उठल्या मोजलेली नाडी अडुसष्टवरून साठवर आली. उपाशीपोटीची साखर सीमारेषेच्या आत आली. तिला औषधे आणि आहार हीही कारणे आहेत. सगळे श्रेय सायकलला देणार नाही.

अकराव्या आठवड्यातल्या रविवारी मी विकाराबादजवळच्या अनंतगिरीला जाऊन आले. माझ्या घरापासून ये-जा सुमारे १४० किलोमीटर. त्या डोंगरात मुसी नदी उगम पावते. आपल्यापैकी ज्यांचे बालपण काचीगुडा-चादरघाटकडे गेले, त्यांना मुसी म्हणजे पुलाखालचे काळे पाणी एवढेच ठाऊक. तिच्याच १९०८ च्या पुराने हे शहर उद्ध्वस्त केले आणि त्यानंतर पूर अडवण्यासाठी उस्मानसागर, म्हणजे आपले गंडीपेट, आणि हिमायतसागर बांधले गेले. अनंतगिरीच्या झाडीत, जेथून ती निघते त्या परिसरात, मी सायकल टेकवून पोळी खाल्ली. आई लहानपणी आम्हाला गंडीपेटला सहलीला न्यायची आणि असाच साखर-तुपाचा गुंडाळा हातात द्यायची. गेल्या वर्षी मी तिच्या आठवणीपासून पळण्यासाठी जोरात जात होते. यंदा सावकाश जाताना ती आठवण सोबत येऊ लागली, आणि मला तिची भीती वाटेनाशी झाली. गुडघ्यानेही त्या दिवशी काही तक्रार केली नाही.

पालकहो, एवढ्यावरून उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. तरीही एक निरीक्षण नोंदवते. बँकेत माझ्यासमोर शैक्षणिक कर्जासाठी पालक येतात. त्यांच्या बोलण्यात एक घाई असते. तिसरीतल्या मुलाला सहावीचे गणित येते, पाचवीपासून प्रवेशपरीक्षेचा वर्ग लावला आहे, असे ते अभिमानाने सांगतात. मी काही बोलत नाही. अर्ज भरून घेते. पण मला माझा गेल्या वर्षीचा ऑक्टोबर आठवतो. तेव्हा मीही उत्तम चालवत होते. कौतुकही होत होते. मुलांतही काही गोष्टी चटकन तयार होतात आणि काही फार सावकाश. आणि भार येतो तेव्हा तो नेमका सावकाश तयार होणाऱ्या गोष्टीवर येतो.

हैदराबादेत मुलाला मराठी शाळेत घालणे ही तर उघडउघड सावकाश चाल. बाजारात तेलुगू, गल्लीत दखनी, कचेरीत इंग्रजी. माझ्या वडिलांना नातेवाइकांनी विचारले होते, ‘मुलीचे पुढे कसे व्हायचे?’ पुढे मला या तिन्ही भाषा आल्या आणि त्यांवर मी नोकरी केली. पण पहाटेच्या काळोखात, एकटी असताना, छातीतला दम आजमावण्यासाठी जी भाषा न बोलावता आली, ती या इमारतीत पहिल्या पाच वर्षांत आत गेलेली होती. त्या वर्षांत माझ्यात काही घडते आहे असे कोणाला दिसले नसेल. प्रगतिपुस्तकात तर मुळीच दिसले नाही, ते मी जपून ठेवले आहे.

पुढच्या महिन्यात ३०० किलोमीटरचे ब्रेव्हे आहे. ते पूर्ण होईल की नाही, मी सांगू शकत नाही. टायर फुटेल, उलटा वारा येईल, गुडघा पुन्हा बोलेल. आपल्या स्मरणिकेत हे भाषण छापून येईल, तोवर निकाल लागलेला असेल. संपादकांना मी विनंती केली आहे की तो काहीही लागला तरी या मजकुरात बदल करू नये. कारण बारा आठवडे माझे झाले आहेत. ते आता कोणी काढून घेऊ शकत नाही.

आपल्यापैकी कोणाला सायकल काढावीशी वाटली, तर जरूर काढा. शिरस्त्राण घाला, मागेपुढे दिवे लावा, अंधारात चमकणारे जाकीट घाला. आधी डॉक्टरांना भेटा. आणि पहिले दोन महिने फक्त पाढा म्हणता येईल इतक्याच वेगाने जा. पाढा विसरला असाल, तर शाळा येथेच आहे.

तिसरीच्या बाई आज हयात नाहीत. वर्गातल्या त्या अडखळणाऱ्या मुलांपैकी एकजण मात्र आज दुसऱ्या रांगेत बसला आहे. मघाशी चहाच्या वेळी मी त्याला एकोणतीसचा पाढा विचारला. त्याने तो एका दमात म्हणून दाखवला. मी ‘सत्त्याऐंशी’नंतर थोडी अडखळले, तो माझ्यासाठी थांबला.